कार्बनचा हिशेब : बाणावर आकडा हवा

पर्यावरणाच्या पेपरात ‘कार्बन चक्र आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न म्हणजे हक्काचे पाच मार्क. एक झाड, एक गाय, वर ढग, कोपऱ्यात समुद्र, धूर सोडणारा एक कारखाना आणि या सगळ्यांना जोडणारे गोल गोल बाण. आकृती रंगीत पेन्सिलींनी काढली तर पाचपैकी साडेचारसुद्धा पडतात. माझी या आकृतीबद्दल एकच तक्रार आहे. तिच्यातल्या एकाही बाणावर आकडा नसतो! मित्रहो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डिझाइन करायची झाली तरी आपण आधी विचारतो, आत किती येतं, बाहेर किती जातं, आणि टाकीत साठतं किती. मग अख्ख्या पृथ्वीच्या बाबतीत नुसत्या बाणांवर समाधान का मानायचं?

म्हणून या लेखात बाणांवर आकडे घालून बघू. आकडे सरासरीचे आणि गोळाबेरीज केलेले आहेत, पण प्रमाण समजायला पुरेसे आहेत.

आधी एकक ठरवू. हवेतला कार्बन डायऑक्साइड पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती. सगळ्या वातावरणाचं वजन धरलं तर १ पीपीएम म्हणजे सुमारे २.१३ अब्ज टन कार्बन. (फक्त कार्बन, त्याला चिकटलेला ऑक्सिजन सोडून. कार्बन डायऑक्साइडचं वजन हवं असेल तर ४४ ला १२ ने भागून येणाऱ्या ३.६७ ने गुणायचं. वर्तमानपत्रांत ही दोन एककं इतकी एकमेकांत मिसळलेली असतात की वाचताना कॅल्क्युलेटर जवळ ठेवावा.) कारखानदारीच्या युगाआधी हवेत सुमारे २८० पीपीएम होतं, म्हणजे ६०० अब्ज टनांच्या आसपास. २०२४ सालची मावना लोआ इथली वार्षिक सरासरी ४२४ पीपीएमच्या वर गेली. म्हणजे ९०० अब्ज टन.

आता बाकीच्या टाक्या. जमिनीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून साधारण ४५० अब्ज टन. मातीत त्याच्या जवळजवळ चौपट, १७०० अब्ज टन. समुद्रात ३८,००० अब्ज टन. आणि खडकांत? तिथे आकडा एकदम कोटींत जातो, काही कोटी अब्ज टन. म्हणजे ज्या हवेवरून एवढी चर्चा चालते, ती हवा या सगळ्यांत अगदी छोटी टाकी आहे. छोट्या टाकीत थोडंसं पाणी वाढलं तरी पातळी भरभर चढते, हे वेगळं सांगायला नको.

बाण बघू. जमिनीवरच्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने वर्षाला सुमारे १३० अब्ज टन कार्बन हवेतून ओढतात आणि श्वसन, कुजणं, वणवे यांतून जवळजवळ तेवढाच परत सोडतात. समुद्र आणि हवा यांच्यात दोन्ही दिशांनी ८० अब्ज टनांच्या आसपास देवघेव होते. एकूण झाले २१० अब्ज टन. आणि आपण कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट भाजून टाकतो ते? वर्षाला फक्त १० अब्ज टन. जंगलतोडीचा आणखी एक धरा.

इथे वर्गात हमखास एक हात वर होतो : ‘दोनशे दहात दहा? मग एवढी बोंब कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण जमाखर्चात उलाढाल वेगळी आणि शिल्लक वेगळी. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात रोज दहा हजार येतात आणि दहा हजार जातात. त्यात कोणी रोज पाचशे जादा टाकू लागला, तर महिन्याअखेर गल्ला पंधरा हजारांनी फुगलेला दिसेल. निसर्गाचे २१० आत-बाहेर होऊन शून्याच्या जवळ येतात. आपले १० फक्त एकाच दिशेने येतात.

ते जातात कुठे हेही मोजलेलं आहे. २०१४ ते २०२३ या दहा वर्षांची सरासरी अशी : इंधन आणि सिमेंटमधून ९.७, जमिनीच्या वापरातल्या बदलातून १.१, एकूण १०.८ अब्ज टन. त्यातले ५.२ हवेत राहिले, २.९ समुद्राने घेतले, ३.२ झाडं-मातीने घेतले. बेरीज करून बघा, ११.३ येते. ०.५ चा फरक! तपासणीसाने पकडावा असा. शास्त्रज्ञ हा फरक लपवत नाहीत, ‘हिशेबातला न जुळलेला भाग’ म्हणून तो दरवर्षी उघड छापतात. मला तर यामुळेच बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आमच्या सर्व्हेच्या जर्नलमध्ये ट्रॅव्हर्सची क्लोजिंग एरर दरवेळी शून्य येते, आणि ती कशी येते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे!

थोडक्यात, आपण टाकलेल्यापैकी निम्मा कार्बन निसर्ग उचलतो. निम्मा साचतो.

आता जरा अवघड मुद्दा. सांडपाण्याच्या विषयात आपण रिटेन्शन टाइम शिकलो, म्हणजे टाकीतलं पाणी भागिले प्रवाह. तेच सूत्र हवेला लावलं तर ९०० भागिले २१० म्हणजे सव्वाचार वर्षं. मग ‘कार्बन डायऑक्साइड चार वर्षांत आपोआप निघून जातो’ असं म्हणायला काय हरकत आहे? हरकत आहे. तो विशिष्ट रेणू चार-एक वर्षांत हवेतून जातो हे खरं, पण त्याच्या जागी झाडातून किंवा समुद्रातून दुसरा परत येतो. शेजारी शेजारी तीन टाक्या आहेत आणि पंप लावून पाणी सतत या टाकीतून त्या टाकीत फिरवतोय अशी कल्पना करा. एखादा थेंब कुठल्याही टाकीत फार काळ थांबत नाही. पण बाहेरून नळ सोडला तर तिन्हींची मिळून पातळी वाढतच जाते. ती कमी करायची तर तळाला बाहेर जाणारं भोक हवं. असं भोक आहे, पण सुईच्या टोकाएवढं. त्याच्याकडे नंतर येतो.

समुद्राची टाकी एवढी अवाढव्य असताना तो सगळंच का गिळत नाही? एक कारण म्हणजे वरचा शे-दोनशे मीटरचा थर तेवढा हवेशी बोलतो. खालच्या थंड पाण्याशी मिसळायला शेकडो वर्षं लागतात. दुसरं कारण रसायनाचं. समुद्रात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातल्या कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो. कार्बोनेट जसं संपत जातं तशी आणखी वायू घेण्याची ताकद घटते. रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी १९५७ साली हे दाखवलं. हवेत १० टक्के वाढ झाली तर समुद्राच्या वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो. आणि तेवढं घेतानाही पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पीएच लॉगॅरिथमवर चालतो. हायड्रोजन आयन २५ टक्क्यांहून जास्त वाढले असा त्याचा अर्थ, आणि शिंपले-प्रवाळांना कवच बांधायला लागणारं कार्बोनेट तितकं कमी.

हे सगळं मोजलं कसं? चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मावना लोआ पर्वतावर उपकरण लावलं तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. त्यांच्या आलेखाला करवतीसारखे दात आहेत. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन ओढतात, हिवाळ्यात सोडतात, म्हणून आकडा मे महिन्यात वर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली. अख्ख्या गोलार्धाचा श्वास एका कागदावर! आपल्याकडेही अशी मोजणी झाली आहे. गोव्यातल्या काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षं बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओच्या प्रयोगशाळेत तपासली जाई. पुण्याच्या आयआयटीएमने २००९ पासून सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली. गोव्याच्या नोंदींत गंमत अशी, की पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून, पार दक्षिण गोलार्धाकडून येतो, तेव्हा आकडा खाली असतो. हिवाळ्यात तो जमिनीवरून येतो तेव्हा आकडा चढतो. मान्सूनची दिशा कार्बनच्या बाटलीतसुद्धा दिसते.

जादा कार्बन आपलाच कशावरून, असंही विचारतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो नावालाही उरत नाही. म्हणून इंधन जाळलं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. सूस यांनी झाडांच्या वर्तुळांत ही घट १९५५ मध्येच दाखवली होती.

आता ते सुईएवढं भोक. त्यासाठी लांब जायला नको, हॉस्टेलच्या गीझरची कॉइल बघा. तिच्यावर पांढरा कडक थर बसतो ना? तो कॅल्शियम कार्बोनेट. तो तिथे आला कसा हीच मंद कार्बन चक्राची गोष्ट आहे.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. हे आम्ल त्याला हळूहळू झिजवतं. खडकातलं कॅल्शियम सुटतं आणि बायकार्बोनेटच्या सोबतीने विहिरीत, कृष्णा-गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. बेसॉल्ट हा ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे या कामात आपला सह्याद्री जगातल्या मोठ्या कामगारांपैकी एक आहे. एका कॅल्शियममागे हवेतले दोन कार्बन पाण्यात येतात. समुद्रात शिंपले, प्रवाळ, सूक्ष्म जीव त्याचं कवच करतात तेव्हा दोनपैकी एक कार्बन कवचात अडकतो आणि दुसरा पुन्हा वायू होऊन सुटतो. गीझरमध्ये उष्णतेने नेमकं हेच होतं. फरक एवढाच, की कॉइलवरचा थर आपण खरवडून टाकतो आणि समुद्रतळावरचा थर पुढे चुनखडीचा खडक होतो. दोन घेऊन एक परत, म्हणजे निव्वळ एक कार्बन खडकात गेला. काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडेही याच कुळातले.

हा खडक कालांतराने भूपट्टांबरोबर खोल जातो, तापतो, फुटतो आणि ज्वालामुखीतून कार्बन पुन्हा हवेत येतो. वर्षाला साधारण ०.१ अब्ज टन. म्हणजे आपल्या दहाच्या शंभरावा हिस्सा. मंद चक्राची गती एवढीच आहे. म्हणून आज टाकलेल्या कार्बनचा काही भाग, पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त, हजार वर्षांनंतरही हवेत असणार.

खरं सांगायचं तर मला या विषयात रस वाटू लागला तो इथून पुढे, कारण इथे आमची स्थापत्य शाखा येते.

चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा घ्या. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. जवळच चुनखडीही आहे, कोळशाहून कितीतरी जुनी, प्राण्यांना कवचं फुटण्याच्याही आधीची. मंद चक्राने अडकवलेला दोन्ही प्रकारचा कार्बन एकाच जिल्ह्यात! म्हणूनच तिथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि सिमेंटचे कारखानेही आहेत. कोळसा जाळला की कार्बन सुटतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण सिमेंटच्या भट्टीत सौरऊर्जा वापरली तरी कार्बन सुटणारच, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

हिशेब अकरावीच्या रसायनशास्त्राचा आहे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट भाजलं की ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. क्लिंकरमध्ये साधारण ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं. ०.६५ गुणिले ४४ भागिले ५६, उत्तर ०.५१. एक टन क्लिंकरमागे अर्धा टन वायू फक्त दगडातून, १४५० अंश तापमानासाठी लागणाऱ्या इंधनाचा वेगळा. साध्या ओपीसीच्या ५० किलोच्या पोत्यात सुमारे ४७.५ किलो क्लिंकर धरलं तर दगडाचा वायू झाला २४ किलो. जग वर्षाला सुमारे ४ अब्ज टन सिमेंट करतं. त्यातल्या नुसत्या दगडातून ०.४ अब्ज टन कार्बन हवेत येतो. वर ज्वालामुखींचा आकडा दिलाच आहे. म्हणजे खडक भाजण्याच्या कामात आपल्या भट्ट्या पृथ्वीवरच्या सगळ्या ज्वालामुखींच्या पुढे आहेत!

एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण झाडं लावतो. लावावीतच, सावली आणि पाणी दोन्हींसाठी. पण आकडा बघा. सुक्या लाकडात निम्मा कार्बन असतो, म्हणजे १ किलो सुकं लाकूड म्हणजे १.८३ किलो कार्बन डायऑक्साइड. एका पोत्याच्या २४ किलोंसाठी १३ किलो लाकूड वाढायला हवं. हजार चौरस फुटांच्या बांधकामाला साइटवरच्या ढोबळ अंदाजाने ४०० पोती लागतात, म्हणजे ५,२०० किलो सुकं लाकूड. आणि ते उभंच राहायला हवं, कारण झाड हे जलद चक्रातलं खातं आहे. ते कुजलं किंवा जळलं की कार्बन परत हवेत. आपण काढतो मात्र कोट्यवधी वर्षांच्या मुदत ठेवीतून.

थोडी दिलासा देणारी बाब अशी, की चुना आपला कार्बन परत मागतो. जुन्या वाड्यांच्या भिंती आठवा. चुनखडी भाजून चुनकळी, तिच्यावर पाणी टाकून विरवलेला चुना, मग वाळूबरोबर घाणीत बैलाने मळलेला. हा चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, म्हणजे भट्टीत सुटलेला वायू वर्षानुवर्षं भिंतीत परततो आणि तिथे पुन्हा दगड बनतो. भिंतीला दिलेली चुन्याची सफेदी काही दिवसांनी हाताला लागेनाशी होते, तेही यामुळेच.

काँक्रीटही तेच करतं. १९३० ते २०१३ या काळात जगभरच्या सिमेंटने मिळून सुमारे ४.५ अब्ज टन कार्बन हवेतून परत घेतला, असं २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने मांडलं. त्याच काळात दगडातून सुटलेल्याच्या तो ४३ टक्के होतो. मग आनंदच की! पण इथे हवेचा फायदा तो सळईचा तोटा. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि तेवढ्या अल्कलीत लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकतो. कार्बन डायऑक्साइड आत शिरला की पीएच ९ च्या खाली येतो, थर मोडतो, सळई गंजते, फुगते आणि कव्हर उडतं. शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. १० वर्षांत १० मिमी आत गेला तर २० मिमीला ४० वर्षं. आयएस ४५६ मध्ये सौम्य वातावरणासाठी २० मिमी कव्हर का मागितलंय, हे या गणितानंतर वेगळं सांगावं लागत नाही. साइटवर कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवणाऱ्याने वाचवलेले १० मिमी म्हणजे तीस वर्षांचं आयुष्य. पाणी मारण्यात कंजुषी केली तर काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि तीही वर्षं कमी होतात.

म्हणून माझं मत असं, की परत शोषण्याच्या भरवशावर बसण्यापेक्षा मुळात क्लिंकर कमी वापरावं. पीपीसीमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अ‍ॅश चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग. पण औष्णिक केंद्रं कमी झाली तर राख कुठून आणणार? या प्रश्नावर स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संस्थेने आपल्या आयआयटींबरोबर केलेलं एलसी-थ्री सिमेंट मला सगळ्यांत मजेदार वाटतं. त्यात क्लिंकर निम्मं, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी, थोडा जिप्सम. ही केओलिनाइटची माती ८०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातून सुटते ती पाण्याची वाफ, कारण तिच्यात कार्बन नसतोच. आणि चुनखडी न भाजता नुसती दळून घालतात, म्हणजे तिच्यातला कार्बन होता तिथेच राहतो. पोत्यामागे दगडाचा वायू २४ किलोवरून १३ किलोंवर येतो.

अडचण एकच. क्लिंकर कमी म्हणजे चुना कमी, आणि चुना कमी म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त वेगाने आत शिरणार. म्हणजे कव्हर आणि क्युरिंग यांची शिस्त आणखी कडक हवी. ही गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. काँक्रीटचा जुना तुकडा फोडायचा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फथॅलिन शिंपडायचं. आत गडद गुलाबी रंग येतो आणि कडेने रंगहीन पट्टा उरतो. पट्टीने मोजा, तेवढी हवा आत शिरलेली. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपने ओपीसी, पीपीसी आणि स्लॅग सिमेंटचे क्यूब टाकले आहेत. ज्यांना बघायचं असेल त्यांनी प्रॅक्टिकल संपल्यावर मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये यावं. येताना पट्टी घेऊन या, आमच्याकडे एकच आहे.